‘डुप्लिकेट माल’ म्हणणाऱ्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी: मे महिन्यात आमच्या रत्नागिरीच्या दुकानातून दोन ॲनिमे फिगर (जपानी कार्टून पात्रांच्या प्लास्टिकच्या मूर्ती) घेतल्या, एक लांब केसांची उभी आणि एक हातपाय हलणारी. गणपतीच्या साफसफाईला कपाट उघडलं तर उभी फिगर चिकट झालेली, पुढे कललेली आणि बेस, म्हणजे पायाखालची चकती, फळीला धरून बसलेली. दुसरीचा खांदा पहिल्याच आठवड्यात तुटला, इन्स्टंट गोंद लावूनही टिकला नाही. चेहरा फोटोसारखा नाही, पायावर उभी रेघ दिसते, खांद्याचं चिलखत हात वर जाऊ देत नाही, आणि मुंबईत हेच निम्म्या किमतीत मिळतं. म्हणून ‘डुप्लिकेट माल, डिझाइन थर्ड क्लास’.

आधी आमची चूक. उभी फिगर ‘स्केल’ लिहिलेल्या फळीवर होती. ती स्केल फिगर नाही, प्राइझ फिगर आहे. स्केल म्हणजे पात्राच्या ठरलेल्या उंचीचा नेमका हिस्सा: १६० सेंमी उंचीचं पात्र १/८ मध्ये २० सेंमी भरतं, १/७ मध्ये साधारण २३. बॉक्सवर तो आकडा छापलेला असतो. प्राइझ फिगर जपानात क्रेन गेममध्ये (यंत्राच्या पंजाने वस्तू उचलायच्या खेळात) बक्षीस म्हणून ठेवायला बनतात. बानप्रेस्टो, सेगा, टाइटो, फुर्यू ही त्यातली ओळखीची नावं. बक्षिसाची किंमत किती असावी यावर तिथे मर्यादा असल्यामुळे साचे कमी, सुटे भाग कमी आणि रंगाचे थरही कमी. स्वस्तात चांगली वस्तू म्हणून आम्ही त्या आवडीने ठेवतो, पण स्केलच्या फळीवर त्यांचं काम नाही. फळीवर लावलेला फोटोही कंपनीचा होता. तसे फोटो बहुतेक वेळा हाताने रंगवलेल्या नमुन्याचे असतात, कारखान्यातून निघालेल्या नगाचे नव्हेत. चेहऱ्याबद्दलचा तुमचा राग म्हणून रास्त आहे. फळी बदलली आहे, आणि यापुढे दुकानात उघडलेल्या नगाचाच फोटो लागेल.

पण ‘डुप्लिकेट’ हा शब्द मान्य नाही. तुमच्याच चौथ्या फोटोत बेसच्या खालच्या बाजूला हक्कधारकांची कॉपीराइट ओळ कोरलेली स्वच्छ वाचता येते. नकली मालात ती बहुतेक वेळा नसते, किंवा अक्षरं पुसट आणि चुकीची असतात. नकली फिगरची कातडी तेल चोपडल्यासारखी चमकते, बॉक्स उघडताच केमिकलचा उग्र वास येतो, पेग (भाग जोडणारी खुंटी) भोकात एकतर बसत नाही किंवा खुळखुळतो, आणि डोळ्यांच्या बाहुल्या वेगवेगळ्या दिशांना पाहतात. तोई ॲनिमेशन या जपानी कार्टून कंपनीच्या परवान्याच्या जपानी मालावर चकचकीत स्टिकर असतो, पण दुसऱ्या देशाच्या वितरकाकडून आलेल्या बॉक्सवर तो वेगळा असू शकतो. नुसत्या स्टिकरवरून निकाल देऊ नका, सगळ्या खुणा एकत्र पाहा.

आता चिकटपणा. ओरिजिनल फिगरही चिकट होते. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. उकाड्यात, बंद जागेत हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. हवा खेळती असली तर ते थोडंथोडं उडून जातं. मे ते सप्टेंबर बंद लाकडी कपाटात त्याला जायला वाट नव्हती. त्यात तुमच्या फोटोत फळीवर फुलाफुलांचा प्लास्टिक कागद अंथरलेला दिसतो. तोही मऊ पीव्हीसीचा असावा. मऊ पीव्हीसी महिनोन्‌महिने दुसऱ्या प्लास्टिकला टेकलं की प्लास्टिसायझर तिकडे जातं आणि दोन्ही एकजीव झाल्यासारखे धरतात. बेस चिकटला तो याने. तो कागद काढा, काच किंवा साधा कोरा कागद घाला.

कोपऱ्यात डांबराच्या गोळ्याही दिसतात. आपल्याकडे मृगाच्या आधी त्या कपाटात पडतातच, पण नॅफ्थलीनची वाफ काही प्लास्टिक आणि रंग मऊ करते. कपड्यांत ठेवा, फिगरजवळ नको.

धुण्याची रीत सोपी आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब टाका. बेस वेगळा काढा, कारण त्याच्या खाली स्क्रू असेल तर त्यात पाणी राहून गंज धरतो, आणि खाऱ्या वाऱ्यात तो लवकर धरतो. फिगर पाचेक मिनिटं बुडवून लहान मुलांच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने फिरवा, केसांच्या मागच्या खाचा विसरू नका. साध्या पाण्याने धुऊन सुती फडक्याने टिपा आणि पंख्याखाली एक दिवस ठेवा, उन्हात नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा चिकट लागली तर पुन्हा धुवा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांतलं काही लावू नका, रंग निघून येईल. टाल्कम पावडरने चार दिवस बरं वाटतं, मग ती खाचांत बसते आणि पांढरे डाग उरतात.

कोकणात खरी पंचाईत पुढे आहे. चिकटपणा टाळायला कपाट उघडं हवं आणि बुरशी टाळायला बंद. पावसात आठवड्यातून एकदा, सर थांबलेली असताना, अर्धा तास दार उघडून पंखा लावावा. मग आत सिलिका जेल ठेवून बंद करावं. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते पाणी पिऊन भरले. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा चालतात, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. बॉक्स भिंतीला टेकवून ठेवू नये. चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि पुठ्ठ्यावर काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत.

कलणं दुरुस्त होतं. घोट्याचं पीव्हीसी वरचं वजन महिनोन्‌महिने पेलतं, उकाड्यात मऊ होतं आणि वाकतं. या फिगरचे सगळे केस पुढे झेपावलेले आहेत आणि आधार एकाच घोट्यावर आहे. हा मात्र डिझाइनचा दोष, तुम्ही लिहिला नाहीत तरी. उकळत्या पाण्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळलं की तापमान ६० ते ६५ अंशांच्या आसपास येतं. त्यात फक्त घोट्याचा भाग मिनिटभर धरा, सरळ करून किंचित मागे झुकवा आणि तसाच गार पाण्यात अर्धा मिनिट ठेवा. थोडा उलटा कल ठेवायचा कारण प्लास्टिक जुन्या आकाराकडे परत सरकतं. त्यानंतर कमरेमागे पारदर्शक आधार लावा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच होईल.

खांद्याबद्दल. नव्या फिगरचे सांधे अनेकदा रंगाने चिकटून आलेले असतात. जोर लावला की सांधा फिरत नाही, आतला पेग पिळला जातो. तुटलेल्या टोकाजवळ पांढुरकी रेष दिसत असेल तर तो पिळूनच तुटला. कुठलाही सांधा पहिल्यांदा हलवण्याआधी हेअर ड्रायर १५ सेंमी अंतरावरून अर्धा मिनिट फिरवावा आणि मग आधी थोडं पुढे, थोडं मागे करत मोकळा करावा. गोंद न टिकण्याचं कारणही साधं आहे: अशा सांध्यांचे पेग पुष्कळदा पीओएम नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकचे असतात. ते झिजत नाही म्हणून सांध्यात वापरतात, पण त्याच गुळगुळीतपणामुळे त्यावर गोंद धरत नाही, रंगही धरत नाही. वर दमट हवेत इन्स्टंट गोंदाची पांढरी वाफ आजूबाजूच्या रंगावर बसते, ती तुमच्या फोटोत दंडावर दिसते आहे. अशा पेगला दोन्ही तुकड्यांत १ मिमीचं भोक पाडून आत पितळी तार घालावी लागते. धरून ठेवते ती तार, गोंद नावापुरता.

चिलखताचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते बिजागरीवर आहे. आधी चिलखत वर उचलायचं, मग हात. पत्रकात चित्र आहे, पण मजकूर जपानीत, आणि आम्ही काउंटरवर सांगितलं नाही. तरीही हात खांद्याच्या रेषेच्या वर जात नाही, आणि तलवार डोक्यावर धरणाऱ्या पात्राला ते शोभत नाही.

पायावरच्या रेघेवरून ‘थर्ड क्लास’ म्हणणं मात्र चुकीच्या फुटपट्टीने मोजणं आहे. साच्याची दोन पाती जिथे मिळतात तिथे रेघ पडतेच. महाग स्केल फिगरमध्ये ती घासून काढतात किंवा कपड्याच्या काठाखाली लपवतात, प्राइझ फिगरमध्ये तशीच राहते. तिथे पाहायचं ते हे: रेघ बाजूला आहे की समोर, आणि नख फिरवल्यावर अडतं का. तुमच्या नगात ती पोटरीच्या आतल्या बाजूला आहे आणि नखाला जेमतेम लागते. या किमतीला हे चांगलं काम.

डोळे मोबाइलने झूम करून पाहा. ते छापलेले असतात, रंगाचे थर एकावर एक. एक थर किंचित सरकला की नजर तिरकी होते, आणि ते कुठल्याही रेघेपेक्षा वाईट दिसतं. मग केस. साच्यातून सरळ ओढून निघेल असाच आकार एका तुकड्यात येतो, म्हणून आत वळलेल्या बटा हव्या असतील तर तुकडे वाढवावे लागतात आणि खर्च तिथे होतो. मग कातडी: गुडघे-कोपरांवर हलकी लाली आहे की सगळीकडे एकच सपाट रंग. शेवटी फिगर हातभर लांब धरून चारी बाजूंनी फिरवा. फक्त समोरून छान दिसणारी फिगर फोटोसाठी घडवलेली असते. हलणाऱ्या फिगरला यातलं निम्मं लागू नाही. तिच्यावर सांधे दिसणारच. तिथे गुडघा दुहेरी आहे का, वाकवल्यावर मांडी-पोटरीची रेषा मोडते का, सांध्याचा रंग प्लास्टिकमध्येच आहे की वरून मारलेला, हे पाहायचं. वरून मारलेला रंग घासून जातो.

किमतीबद्दल दोनच वाक्यं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, शिवाय कुरिअर वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतं: ३० × २५ × २० सेंमीचा बॉक्स ५००० ने भागून ३ किलो धरला जातो, आत फिगर अर्ध्या किलोची असली तरी. याच्या निम्म्यात कोणी देत असेल तर बेस उलटा करून ती कॉपीराइट ओळ शोधा.

उभी फिगर चुकीच्या फळीवरून विकली गेली, म्हणून तिचे पूर्ण पैसे परत मिळतील, किंवा घोटा सरळ करून आधारासह ती ठेवून घ्या आणि प्राइझ व स्केलच्या किमतीतला फरक समजून आम्ही ३० टक्के परत करू. खांदा तार घालून फुकट बसवून देऊ. येताना तुटलेलं टोक आणा, भोकात अडकलं असेल तर उकरू नका. बॉक्समधली पारदर्शक प्लास्टिकची पानंही आणा. गडद कपड्याचा रंग कातडीवर उतरू नये म्हणून ती भागांच्या मध्ये घातलेली असतात, आणि फिगर पुन्हा बॉक्समध्ये जाणार असेल तर ती लागतील. सोमवारी दुकान बंद असतं.