आजोबा, नातू आणि कुलूप

आमच्या कॉलनीच्या वाचनालयाची सभासद-यादी पूर्वी जाड वहीत असायची. मग एका उत्साही मुलाने ती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात ओतली आणि तो नोकरीला बंगळुरूला निघून गेला. रकाने चार: नाव, फ्लॅट, मोबाइल, बाकी. 'प्रायमरी की', म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतःची वेगळी ओळख, मात्र नाही. हे टेबल वारसाहक्काने माझ्याकडे आलं, कारण सेक्रेटरीकाकांच्या मते 'तू कॉम्प्युटरमधला'. (याच न्यायाने मी कॉलनीतले प्रिंटरही दुरुस्त करतो.)

"आजोबांनी दीडशे भरलेत. त्यांची बाकी शून्य करून टाक," काका म्हणाले. पीजीअ‍ॅडमिन हे पोस्टग्रेसची टेबलं दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, चौकटीवर डबल क्लिक केलं. ढिम्म. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर चिमुकलं कुलूप.

आपण चौकटीत शून्य टाइप करतो तेव्हा पडद्यामागे एक 'अपडेट', म्हणजे बदलाचा हुकूम, तयार होतो. त्यात 'व्हेअर' लागतं, म्हणजे नेमकी कुठली ओळ? तिथे लिहायला खात्रीची ओळख नसेल, तर पीजीअ‍ॅडमिन हाताची घडी घालून बसतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं वर्कबेंचही अशा वेळी 'रीड ओन्ली' म्हणून मोकळं होतं.

"अरे, नाव आहे की!" काका म्हणाले.

नावाचंच तर दुखणं. आजोबा दत्तात्रय विष्णू. मुलगा विष्णू दत्तात्रय. नातवाला रिवाजाप्रमाणे आजोबांचं नाव, म्हणजे पुन्हा दत्तात्रय विष्णू. आडनाव एक, फ्लॅट एक, आणि आजोबा फोन वापरत नाहीत म्हणून मोबाइल नातवाचाच. बाकीसुद्धा दोघांची दीडशे. नावावर अपडेट चालवला, तर पोस्टग्रेसने शांतपणे 'अपडेट २' असं उत्तर दिलं, म्हणजे दोन ओळी बदलल्या. नातवाचं कर्ज आजोबांच्या पुण्याईने फिटलं! आधी बिगिन लिहून ठेवलं होतं (त्यानंतरचे बदल पक्के करेपर्यंत मागे घेता येतात), म्हणून रोलबॅक करून ते त्याच्या गळ्यात परत घातलं.

पोस्टग्रेस प्रत्येक ओळीला आतून एक पत्ता देतं, सीटीआयडी: कुठल्या पानावर कितवी. पण ओळीत काही बदललं की पत्ताही बदलतो. अकरा महिन्यांच्या करारावरच्या भाडेकरूसारखा. त्याच्या भरवशावर कायमचा हिशेब कोण ठेवणार?

टेबलांच्या (रिलेशनल) डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० सालीच आपल्या निबंधात प्रायमरी की सांगून ठेवली होती, आणि उदाहरण दिलं होतं पार्ट नंबरचं. सुट्या भागांना नातू नसतात, म्हणून त्यांचं निभावलं असेल. पण नंबर हवाच. मी आयडेंटिटीचा एक रकाना वाढवला, तोच प्रायमरी की केला. सगळ्या ओळींना आपोआप नंबर पडले आणि कुलपं गेली.

"आता ४० आणि ४१ यांतले आजोबा कुठले?" काकांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते. दोन्ही ओळी हुबेहूब एकच आहेत."

काकांनी बराच विचार करून, वयाचा मान म्हणून, आजोबांना ४० दिला. दीडशे शून्य झाले. तेवढ्यात काकांना स्वतःचा नंबर दिसला: ११२.

"मी संस्थापक सभासद आहे," ते म्हणाले.

नंबरचा ज्येष्ठतेशी काही संबंध नसतो, हे मी परोपरीने सांगितलं. रविवारी कार्यकारिणीची तातडीची सभा आहे. विषय एकच, आणि एक नंबरला आत्तापर्यंत तिघे उमेदवार आहेत.