पॉशचं ते तिकीट कुणी बघितलंय का?

तो फॉरवर्ड परत फिरतोय. साहेबलोक विलायतेहून मुंबईला बोटीनं यायचे, त्यातल्या पैसेवाल्यांना ऊन लागू नये म्हणून येताना डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची केबिन मिळायची, मग पी अँड ओ ही बोटकंपनी त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' म्हणजे पी-ओ-एस-एच असा शिक्का मारायची, आणि त्यावरून पॉश शब्द आला म्हणे. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाहीये.

आधी शिक्क्याचं बघू. असं शिक्केवालं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. लोकांनी त्या बोटींवरची मेन्यूकार्डं आणि ट्रंकांवरची लेबलंसुद्धा जपून ठेवलीत राव, मग नेमकं हेच तिकीट सगळ्यांनी फेकून दिलं?

उन्हाचा मुद्दा मात्र अगदीच फालतू नाही. नकाशा घेऊन बसा, भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेला असते, तिकडे सावली, आणि सुएझ कालवा ओलांडून तांबड्या समुद्रात बोट दक्षिणेला लागली की डावी बाजू पूर्वेला येते, म्हणजे दुपारचं भाजणारं ऊन उजवीकडच्यांच्या वाट्याला. डावी केबिन बरी, कबूल. पण म्हणून तिच्यावरून शब्द पडला हे कुठे सिद्ध झालं?

तारखाही जुळत नाहीत. सुएझ 1869 ला सुरू झाला. 1918 सालच्या 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात विमानदलातला पोरगा आईला सांगतोय की आमचा वेळ पॉश गेला, तिथं बोटीबिटीचं नावही नाही. ती बोटीची कथा छापून यायला लागते 1930 च्या दशकात, म्हणजे सुएझनंतर साठ-सत्तर वर्षांनी.

आणि आद्याक्षरं जोडून शब्द करायची टूमच मुळात विसाव्या शतकातली, त्याआधी असलं फार क्वचित. (आपल्या ऑफिसातलं पॉश ट्रेनिंग, 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं, ते मात्र खरंच आद्याक्षरांचं.)

मग शब्द आला कुठून? डिक्शनऱ्या सरळ सांगतात, नक्की नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्लीतल्या बोलीत पॉश म्हणजे चिल्लर पैसा, पुढे छानछोकी करणारा माणूस. त्यातला पैशाचा अर्थ बहुधा रोमानी म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेतल्या 'अर्धा' या शब्दावरून आलाय, अर्धी पेनी म्हणून, आणि ही रोमानी मूळची आपल्याच भारतातली. तो 'अर्धा' संस्कृत पार्श्वपासून आलाय, आपलं 'पाशी' पण तिथूनच. पण चिल्लरपासून आजच्या पॉशपर्यंतचा दुवा अजून कुणी पक्का केलेला नाही, तेव्हा लगेच 'पॉश मूळचा मराठी' असा नवा फॉरवर्ड सोडू नका प्लीज.