‘कोकणी क्रेफिश’ नावाचा प्राणी नाही

गेले काही आठवडे कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथळा, ‘आपल्या मातीतला देशी क्रेफिश घरच्या टाकीत पाळा’. क्रेफिश म्हणजे मासा नव्हे, खेकडा-कोळंबीच्या गोतातला गोड्या पाण्यातला प्राणी. खाली निळ्याशार नांग्यांच्या प्राण्याचा फोटो आणि मुद्दे. हा कोकणच्या व्हाळांतला, म्हणजे ओढ्यांतला, मूळ रहिवासी. गप्पी, गोल्डफिश, लहान कासव, कुणाबरोबरही सुखाने नांदतो. टाकी स्वतःच साफ करतो, पाणी बदलायला नको. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी घाला, कारण त्याच्या रक्तात तांबं असतं. आणि कंटाळा आला तर विहिरीत नाहीतर व्हाळात सोडा, डास कमी होतील.

असले मेसेज मी एरवी पुढे ढकलतही नाही आणि खोडतही बसत नाही. पण कुडाळच्या भाच्याने हे वाचून प्राणी विकत आणला. मी फोनवर कुरकुरलो तर भावोजी म्हणाले, ‘आपल्या व्हाळातलोच आसा तो, कित्याक घाबरतस?’ म्हणून आता सविस्तर.

व्हाळातला तो नाहीच. भारतात मुळचा असा एकही क्रेफिश नाही. जगात त्यांच्या सहाशेहून जास्त जाती आहेत, त्या उत्तर आणि दक्षिण अमेरिका, युरोप, जपान-कोरियाचा पट्टा, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड आणि मादागास्कर इथल्या. भारतीय उपखंड या यादीत येत नाही, आफ्रिकेची मुख्य भूमीही येत नाही. मत्स्यालयांच्या व्यापारात फिरतात ते फ्लोरिडाचे निळे, लुइझियानाच्या दलदलीतले लाल, ऑस्ट्रेलियाचे ‘रेड क्लॉ’ नाहीतर मेक्सिकोचे बुटके नारिंगी. ‘देशी’ म्हणजे कुठल्या देशाचा, एवढं तरी विचारा.

घोळ कुठे झाला असेल त्याचा अंदाज येतो. आपल्या नद्यांत मोठी गोड्या पाण्यातली कोळंबी असते, तिच्या नराचे पुढचे पाय लांब आणि निळे असतात. पण टाकीला नाक लावून बघा. या कोळंबीच्या चालायच्या पायांत पहिल्या दोन जोड्यांनाच चिमटे असतात, आणि काठीसारखी लांब असते ती दुसरी जोडी. क्रेफिशच्या तीन जोड्यांना चिमटे असतात आणि सगळ्यात पुढची जोडी कुर्लीच्या डेंग्यांसारखी, म्हणजे खेकड्याच्या नांग्यांसारखी, जाडजूड. भाच्याने फोटो पाठवला, त्यात हे डेंगे ढळढळीत दिसतात.

आता तांब्याचा हंडा. हा मुद्दा वाचून मी खरोखर हात जोडले. क्रेफिशच्या रक्तात तांबं असतं, हे नाइलाजाने मान्य. आपल्या रक्तात लोहाचं हिमोग्लोबिन, तसं त्यांच्यात तांब्याचं हिमोसायनिन. पण आपल्या रक्तात लोह आहे म्हणून कुणी खिळे उकळून पीत नाही. पाण्यात विरघळलेलं तांबं कोळंबी, खेकडे, क्रेफिश या सगळ्या गोताला विष आहे. ते थेट कल्ल्यांवर घाव घालतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं असलेली औषधं मिळतात, ती कोळंबी असलेल्या टाकीत घालायची नाहीत हा नियम ठरलेला आहे. आणि सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला हे मी सांगायला हवं? पावसात सुपारीवर बोर्डो मिश्रण मारता, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबंच. बुरशी मारायला जे घालता तेच प्राण्याला टॉनिक म्हणून पाजायचं?

त्यात आपल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं आणि किंचित आम्ल असतं. असं पाणी हंड्यातलं तांबं जास्त खेचून घेतं. त्याच पाण्यात कॅल्शियम कमी, आणि या प्राण्याला कवचासाठी तेच लागतं. कात टाकताना पाठीच्या कवचामागे, शेपटी सुरू होते तिथे फट पडते. तो कुशीवर आडवा होतो आणि शेपटीचा एक हिसका देऊन जुन्या कवचातून बाहेर येतो. अगदी मिशांचं, डोळ्यांचंसुद्धा कवच मागे राहतं. न जाणणारा माणूस ‘मेला’ म्हणून ते उचलून टाकतो. टाकू नका. तो तेच खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. पाणी हलकं असेल तर फिल्टरमध्ये धुतलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या ठेवा, हंडा माजघरातच राहू दे.

सोबत्यांचं थोडक्यात. तळाशी बसणाऱ्या माशांना तो रात्री पकडतो, गोल्डफिशचे लांब पर कातरतो. उलट कात टाकल्यावर तो स्वतः मऊ पडला की मोठे मासे त्याला फाडतात. दोन क्रेफिश एकत्र ठेवले तर बहुतेक वेळा एक उरतो. कासवाचं तर बोलूच नका. आपल्याकडची मऊ पाठीची कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हौस कोठडीपर्यंत नेऊ शकते. टाकी साफ करतो हे अर्धं खरं. उरलेलं खाणं, मेलेला मासा, गोगलगायी तो खातो. पण खातो म्हणजे पुन्हा घाणही करतो, शिवाय लावलेली हायड्रिला बुंध्यापासून कापून ठेवतो. पाणी बदलावं लागतंच. आणि डासांच्या अळ्या असतात पाण्याच्या पृष्ठभागाला, हा फिरतो तळाला.

या सगळ्यात भाच्याचं फार तर थोडं पैशांचं नुकसान होईल. ‘विहिरीत नाहीतर व्हाळात सोडा’ या शेवटच्या मुद्द्याने गावाचं होईल.

आपली मोठी कोळंबी वाढते गोड्या पाण्यात, पण तिच्या पिल्लांना खाडीचं मचूळ पाणी लागतं. म्हणून मादी खाडीकडे उतरते. क्रेफिशचं तसं काहीच अडत नाही. अंडी आईच्या शेपटीखाली चिकटलेली असतात, त्यातून थेट छोटे क्रेफिशच बाहेर पडतात. डबक्यातही वंश सुरू. संगमरवरी नक्षीच्या एका जातीत तर नरच नसतात, एकटी मादी पुरते. ही जात १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांमधून पुढे आली. हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तिचा जनुकसंच ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये मांडला. सगळ्या एकाच मादीच्या प्रती निघाल्या. मादागास्करमध्ये २००७ ते २०१७ या काळात तिने व्यापलेलं क्षेत्र सुमारे शंभरपट झालं. तिथेही भातशेती आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये उपद्रवी परक्या जातींची पहिली यादी काढली, तीत ही आहे आणि लुइझियानाचा लालही.

तो लाल तर बिळं करतो. स्पेनमध्ये ग्वादालकिवीर नदीकाठच्या भातखाचरांच्या भागात १९७० च्या दशकात तो मुद्दाम आणला गेला, मग बांध पोखरले जाऊन पाणी झिरपायला लागलं. आपल्या मेरांना, म्हणजे बांधांना, मुठ्यांनी (शेतातल्या खेकड्यांनी) पाडलेली भोकं बुजवता बुजवता कंबर मोडते, त्यात हा पाहुणा हवाय? ‘विहिरीत सोडला तर विहिरीतच राहील’ असंही कुणी म्हणेल. हा प्राणी ओल्या जमिनीवरून चालत जातो. जुलैत कोकणात विहीर, खाचर आणि व्हाळ वेगळे उरतात कुठे?

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नावाचा बोटाएवढाही नसलेला मासा आहे. २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. हा मासा तळाशी वावरतो, म्हणजे क्रेफिश हिंडेल तिथेच. पर्यटक तिथे रोज येतात. ‘देवाच्या कुंडात सोडला, पुण्य लागेल’ म्हणणारा एक निघाला तरी पुरे.

तेव्हा आणलाच असेल तर टाकीवर घट्ट झाकण ठेवा, तो हवेच्या नळीवरून चढून बाहेर येतो. नकोसा झाला तर दुकानात परत द्या. विहीर नाही, व्हाळ नाही, गटारही नाही. मेला तर पुरून टाका.

आणि खरंच गावठी काही पाळायचं असेल तर पिकू मासा घ्या, तोच तो डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थराला राहणारा. डासांच्या अळ्या खरोखर खातो. सोबत व्हाळातल्या पारदर्शक बारीक कोळंब्या ठेवा, मात्र लपायला शेवाळ भरपूर हवं, नाहीतर त्यांची पिल्लं पिकूच्या पोटात जातील. हातजाळीने चार-सहा आणा, पण चढणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात तेव्हा, नको; त्यांच्या पोटात गाभोळी (अंडी) असते.