पॉलिशने व्हॉल्व्ह चकाकतो, आवाज नव्हे

जुन्या अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, धातूच्या पॉलिशने घासा, असा सल्ला सर्रास फिरतो. दावे चार: काच लख्ख झाली की आवाज खुलतो, तिच्यावरचा चंदेरी-काळा थर काढला की आयुष्य वाढतं, बोटांचे ठसे राहिले तर काच तडकते, आणि पिना घासल्या की खरखर जाते.

काचेचं काम हवा बाहेर ठेवण्याचं. इलेक्ट्रॉन कॅथोड या तापलेल्या भागाकडून प्लेट या दुसऱ्या भागाकडे जातात ते आतल्या निर्वातातून. बाहेरच्या धुळीशी सिग्नलला देणंघेणं नाही.

चंदेरी थर तर आतल्या बाजूला असतो! तो गेटर, बहुतेकदा बेरियमचा. आत उरलेला वायू शोषून घेण्यासाठी कारखान्यातच मुद्दाम चढवलेला. बाहेरून घासून तो निघत नाही, हे नशीबच म्हणायचं. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह संपला.

घासून खरोखर निघतं ते छापलेलं नाव. जुन्या व्हॉल्व्हवरची शाई कधीकधी नुसत्या बोटानेही पुसली जाते. ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२ हे दोन प्रकारचे व्हॉल्व्ह दिसायला जवळपास सारखे, पिनांची जोडणीही एकच. पण पहिल्याचा अँप्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, दुसऱ्याचा २० च्याही आत. नाव गेलं की बसा व्हॉल्व्ह तपासायचा टेस्टर शोधत.

ठशांची भीती हॅलोजन दिव्यांच्या क्वार्ट्झवरून इकडे आली आहे. व्हॉल्व्हची काच तेवढी तापत नाही.

पिनांचं मात्र अर्धं खरं आहे. पिनेवर आणि सॉकेटमध्ये ऑक्साइड जमलं की खरखर येते. पण पॉलिशमधली खरवडणारी पूड पिनेवरचा पातळ मुलामा उडवते आणि उरलेला गाळ सॉकेटच्या पकडीत जाऊन बसतो. शिवाय नऊ पिनांच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये पिना थेट काचेतून आलेल्या असतात. घासताना वाकल्या तर तिथेच बारीक तडा जातो. मग ‘आवाज सुधारला’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांनी व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसवला, आणि त्या घर्षणानेच संपर्क साफ झाला. श्रेय पॉलिशला मिळालं, इतकंच.

तेवढं पॉलिशशिवायही होतं. प्लग काढा, व्हॉल्व्ह गार होऊ द्या. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात, म्हणून अँप्लिफायरच्या आत हात घालू नका. व्हॉल्व्ह सरळ धरून दोन-चारदा आतबाहेर करा, फार तर पिनांना थोडं कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पूर्ण वाळू द्या. तरी खरखर राहिली तर डाव्या-उजव्या चॅनेलमधले सारखे व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहा. खरखर सोबत सरकली तर दोष व्हॉल्व्हचा. जागीच राहिली तर सॉकेट, रेझिस्टर किंवा सोल्डर तपासायला द्या.