मुंबईच्या नियोजनात शहापूरची खुर्ची कुठे आहे?

आमच्या मुलुंडकडे विकेंद्रीकरणाची मागणी जोरात असते. निधी वॉर्डाला द्या, निर्णय वॉर्डात घ्या. मान्य. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं महापालिका प्रशासकाने हाकली. गटाराच्या झाकणासाठी कुणाला धरायचं, हेच कळत नव्हतं. पण आपलं विकेंद्रीकरण मुंबईच्या हद्दीवरच्या चेकनाक्यापाशी येऊन थांबतं, त्याचं काय?

मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहरातले, आणि त्यांचं पाणी एकूण हिशेबात नगण्य. बाकी सगळं बाहेरून. निम्म्याच्या आसपास तर एकट्या भातसा धरणातून. भातसा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, तानसाही तिथलाच. आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला, कोरड घशाला. मोठमोठ्या जलवाहिन्या त्यांच्या शेजारून आपल्याकडे येतात आणि आपण इथे गाड्या धुतो (हो, आमच्याही सोसायटीत, पाइप लावून).

यावर संविधानात सोय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३ झेडई आणलं: महानगर नियोजन समिती. किमान दोन तृतीयांश सदस्य महानगर क्षेत्रातले नगरसेवक आणि पंचायतींचे प्रमुख यांनी आपल्यातून निवडायचे. पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी हा विषय तर कलमातच लिहिलाय. महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण या समितीने मुंबईचा एखादा मोठा निर्णय फिरवला, असं तुम्हाला आठवतंय? प्रत्यक्षात प्रदेशाचा आराखडा एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) करते, आणि तिथे अध्यक्ष राज्याचे नगरविकास मंत्री. शिवाय निवडणुका लांबल्या की नगरसेवकच नसतात, मग समितीवर निवडून जाणार कोण?

मला वॉर्डाच्या निधीइतकीच, खरं तर जास्तच, ही समिती महत्त्वाची वाटते. वॉर्डाला पैसे मिळाले तर आपले फुटपाथ सुधारतील, चांगलंच आहे. पण पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मुंबईसाठी गारगाई धरण प्रस्तावित आहे, तानसा अभयारण्याचं जंगल त्यात जाणार आहे. ते बांधायचं, की आधी मुंबईतली गळती रोखायची आणि सांडपाणी शुद्ध करून वापरायचं, हे एकट्या मुंबईने का ठरवावं? त्या चर्चेत वाड्याच्या सरपंचाला मत हवं; त्यासाठी समितीची हद्द वाडा-शहापूरपर्यंत न्यावी लागली तरी न्यावी. आणि हे मत नुसती हरकत नोंदवण्यापुरतं नाही, ठराव पाडता येईल असं.