एलईडी नकोय मला, तार बदलून द्या!

साध्या मराठीत आणि इंदूर आहे म्हणून साध्या हिंदीतही किती वेळा सांगायचं? मला एलईडी नकोय. १९७१ च्या अँबॅसेडरचे दिवे नीट लागायला हवेत, बस. पण नवलख्यापासून छोट्या ग्वालटोलीपर्यंत कुठेही दिव्यांचा विषय काढा, समोरचा काउंटरखालून पांढऱ्याफेक बल्बची डबी काढतो. "दीदी, ये लगवा लो, रात में दिन हो जाएगा." अरे, कोणाचा दिवस? समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तर अंधारीच येणार ना!

गाडी बाबांची, मार्क २. दिवे सात इंची, गोल. लावले की पिवळट, मरतुकडा उजेड पडतो आणि राऊ मागे टाकून महूकडे निघालं की डांबर कुठे संपतं नि कच्चं कुठे सुरू होतं, ते अंदाजाने ठरवायचं. यात बल्बचा काय दोष? बल्ब एच-४, म्हणजे हाय आणि लो बीमची दोन फिलामेंटं एकाच बल्बात असलेला, ६०/५५ वॉटचा, नवाकोरा. त्याच्यापर्यंत वीजच पुरती पोचत नाही. मीटर बॅटरीला लावला तर साडेबारा व्होल्ट, होल्डरला लावला तर साडेदहा. मधले दोन व्होल्ट खाल्ले कोणी? पन्नास वर्षांच्या तारेने, डॅशबोर्डवरच्या स्विचने, क्लचशेजारी पायाने दाबायच्या डिपरने आणि गंजलेल्या अर्थिंगने. त्या काळची रचनाच तशी आहे. दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपिअर करंट आधी स्विचमधून, मग डिपरमधून हिंडून पुढे जातो. आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड दहा टक्के नाही, जवळजवळ तीस टक्के पडतो. माझ्याकडे तर त्याहून जास्त पडलंय, म्हणजे निम्म्याच उजेडात गाडी हाकायची.

उपाय काही रॉकेट बनवण्याचा नाही. दोन रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, एक हाय बीमला, एक लो बीमला. बॅटरीकडून फ्यूज टाकून आणलेली जाड तार आणि दोन्ही दिव्यांना नीट अर्थिंग. जुन्या स्विचने फक्त रिले चालवायचा. शे-दीडशेचा रिले, थोडी तार, थोडे टर्मिनल. झालं!

पण हे करणार कोण? एका दुकानात मी प्रश्न विचारतेय आणि उस्ताद उत्तर देतोय माझ्या भाच्याला. "भिया, मैडम को समझाओ, रिले-विले का झंझट मत पालो, नब्बे-सौ वाट का बल्ब डाल दो." भाचा बी.कॉम.ला आहे, त्याला रिले म्हणजे शर्यत वाटते. मी म्हटलं, अहो, शंभर वॉटचे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. इंजिनावर फिरून वीज बनवणारा डायनामो जेमतेम बावीस देतो, तोही गाडी पळत असताना. सिग्नलला उभी राहिली की जवळपास शून्य. वर इंजिनात ठिणगी पाडणारी कॉइल आहे, टेललाइट आहे, पावसात वायपर आहे. आणि या गाडीत हेडलाइटला मुळात फ्यूजच नाही, तार तापली तर थांबवणार कोण? नळाला पाणी येत नाही म्हणून खाली मोठी बादली लावायची, तसला सल्ला. त्यावर उस्ताद काय म्हणाला? "आज तक तो कोई जली नहीं." वा!

दुसऱ्याने निदान काम हातात घेतलं. मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात त्याने पक्कडीने मूळ वायरिंग कापून, उघड्या तारा चिमटीत पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टर्मिनल पक्कडीने दाबून क्रिम्प केलेलं नाही, सोल्डर नाही, काही नाही. टेप तर उन्हाने आधीच सुटत होती. बोनटखाली! इंजिनाच्या उष्णतेशेजारी! मी ओरडले तर म्हणे, "सब ऐसे ही करते हैं." सब करते हैं, हेच तर माझं दुखणं आहे.

आता एलईडीवाल्यांचंही ऐकाच. एच-४ बल्बमध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडतो आणि रस्त्यावर खाली उतरतो. सगळा खेळ फिलामेंट नेमकं कुठे आहे यावर. त्याच काचेत स्वस्तातला एलईडी खुपसला की तो प्रकाश देतो भलत्याच जागेवरून, मग कट-ऑफ, म्हणजे उजेड जिथे वर थांबायला हवा ती रेघ, गेला उडत. भिंतीसमोर बघणाऱ्याला वाटतं वाहवा, काय उजेड! बायपासवर समोरच्याला विचारा.

बरं, पूर्ण सात इंची एलईडीचं युनिट मागवावं तर त्याचा बीम उजवीकडे वर चढलेला, उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेला. आपण चालवतो डावीकडून. म्हणजे वर चढलेला उजेड थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर, आणि ज्या कडेने सायकलवाला किंवा गाय असते ती डावी कड अंधारात. दुकानदाराला परत करायला गेले तर, "सबमें ऐसा ही आता है, दीदी." खोटं! डावीकडच्या वाहतुकीची एच-४ काच मिळते, मागणारं कोणी नाही म्हणून ठेवत नाहीत एवढंच.

वर आमचे काका. "मूळ रूप बिघडवू नकोस, व्हिंटेजची नोंदणी मिळणार नाही." अहो काका, २०२१ च्या त्या नियमात ५० वर्षांवरची गाडी म्हटलंय आणि चॅसी, बॉडी, इंजिन बदललेलं नको म्हटलंय. जाळीमागे लपवलेल्या दोन रिलेंनी कोणाची बॉडी बदलते? मूळ रूप राखायच्या नादात खड्ड्यात गेले तर रूपही जाईल आणि मीही.

आता मीच बसणार आहे बोनट उघडून. रिले आणलेत, फ्यूज होल्डर आणलेत, तार आणली आहे. क्रिम्पिंगची चांगली पक्कड तेवढी हवी आहे, ती पुसट दाताची नको, नीट दाबणारी. कोणाकडे असेल तर राजेंद्रनगरात आणून द्या, चहा-पोहे माझ्याकडे. एलईडीची डबी घेऊन कोणी आलं तर मात्र फाटकातूनच परत पाठवीन.