"चांगलं काम आहे, कोण अडवतंय?"

हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय, मोजदाद नाही. दोनदा मी स्वतःही म्हटलंय. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा अर्जावर सही माझी होती.

गेल्या मे महिन्यात आमच्या कोथरूडच्या ग्रुपने एका मुलाच्या ऑपरेशनसाठी जुन्या गाण्यांची संध्याकाळ ठरवली. मोकळं मैदान, चारशे खुर्च्या, बाजूला वडापाव आणि पन्हं. साडेपाचला आभाळ भरून आलं. पुणेकराला मे महिन्यातला वळीव नवा नाही, तरी मांडव कशाच्या आधारावर उभा आहे हे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. एका बाजूचे वासे नुसते वाळूच्या पोत्यांत टेकवलेले. पहिल्याच वावटळीत ती बाजू खाली बसली. प्रेक्षक यायचे होते, हे निव्वळ नशीब. एका काकूंचं मनगट मोडलं, तेवढ्यावर भागलं. कढई आणि सिलिंडर मांडवाबाहेर होते, तेही वडेवाल्याने हट्ट धरला म्हणून. त्याला आम्ही सकाळभर 'फार कटकट्या' म्हणत होतो.

चौकीत हवालदारसाहेबांनी एकच विचारलं, "अर्जदार कोण?" सोळा जणांची आयोजन समिती. पंधरा जण माझ्याकडे बघायला लागले.

नंतर एका वकील मित्राने समजावलं ते ऐकून मी रात्रभर जागा होतो. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला असता तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. हेतू चांगला होता, याने गुन्हा पुसला जात नाही.

पैशांचंही तसंच. क्यूआर कोड आमच्या खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा. माणूस सोन्यासारखा, पण नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळं दरवर्षी घेतात. ती आम्ही घेतली नव्हती. वर देणगीदारांना "८० जी मिळेल हो" असंही कुणीतरी सांगून ठेवलेलं. ती आयकराची सवलत मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, आणि रोख दोन हजारांवर गेली तर तिथेही नाही.

यावर लगेच कमेंट येईल, एवढे कागद मागितले तर समाजकार्य कोण करणार? पण माझी तक्रार उलटी आहे. पैशांचा भाग सोडला तर आमची फाइल चोख होती. पोलिसांची परवानगी, मैदानाची ना हरकत, स्पीकर रात्री दहाला बंद करण्याचं हमीपत्र, सगळं. त्या फाइलमुळेच आम्ही निर्धास्त झालो. कागदाला शिक्का लागला म्हणून वाशाला कुणी हात लावून पाहिला नाही.

१६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवा. सरकारचाच कार्यक्रम, तिथे परवानगीची काय वाण? तरी भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. आणि मांढरदेवीला २००५ साली चेंगराचेंगरी झाली तेव्हा पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या त्या फोडलेल्या नारळांच्या पाण्याने. यातलं आमच्या कुठल्याच अर्जात विचारलं नव्हतं.

म्हणून ग्रुपवर मी अट घातलीय: सही ज्याची, त्याला कार्यक्रम ऐनवेळी थांबवायचा अधिकार. पाहुणे आलेले असोत, तिकिटं खपलेली असोत, त्याने नाही म्हटलं की नाही. दोघांनी 'आता हा साहेब झाला' म्हणून ग्रुप सोडला. सोडू दे.

यंदाचा कार्यक्रम बंद सभागृहात आहे. परवा बघून आलो. मागच्या दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे विचारलं, तर उत्तर आलं, "तो उद्या येईल."

सही अजून केलेली नाही.